पंचायतीचा हिशेब
(नवलाख उंबरे येथे गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



या सभेत बसलेल्या मंडळींनी आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे साच्यापुढं उभं राहून काढलेली आहेत. कुणी गिरणी बंद पडल्यावर गावी परत आला, कुणी अजून परळ-लालबागच्या खोलीत आहे नि जत्रेपुरता गाव बघतो. तुमच्यापुढं पंचायतीचा हिशेब मांडायचा म्हणजे आम्हांला जपूनच बोललं पाहिजे. पगाराच्या चिठ्ठीतला एकेक पैसा दिव्याखाली धरून तपासणारी ही माणसं. गोड बोलून आमची सुटका व्हायची नाही, हे आम्ही जाणून आहोत.

आपल्या गावाचं नाव नवलाख उंबरे. हे उंबरे झाडाचे की घराचे, हा वाद आपण पारावरच्या म्हाताऱ्यांकडे सोपवू. पंचायतीपुरतं बोलायचं तर आमचा संबंध घराच्या उंबऱ्याशी. घरपट्टी तिथंच बसते, पाण्याचा नळ तिथंच यायचा असतो, नि सरकारी नोटीसही त्याच उंबऱ्यावर येऊन पडते. मालक मुंबईला असला तर नोटीस तिथंच वाळते. आज आम्हांला मुख्यतः या नोटिशीबद्दलच बोलायचं आहे.

पण आधी थोडं मागचं सांगू, कारण तुम्ही आणि हा मावळ यांचं नातं लोकांना वाटतं त्याहून जुनं आहे. तुमचा साचा कशावर फिरत होता? १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळा, वळवण, शिरवटा इथं मावळचं पावसाचं पाणी अडवलं, ते नळांतून घाटाखाली सोडलं, त्यातून वीज काढली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना दिली. शेजारच्या मुळशीत असंच धरण बांधायला घेतलं तेव्हा १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापटांनी त्यात तुरुंग भोगला. धरण झालंच. पाणी मावळ-मुळशीचं, साच्यावरचा हात पुष्कळ वेळा मावळ्याचाच, नि कपड्याचा नफा कुणाचा हे तुम्हांला आम्ही सांगायला नको! ज्याची जमीन बुडाली त्याला त्या वेळी कुणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती. कायदा परक्याचा, कागद परक्या भाषेतला.

ही रीत पाडून घेण्यासाठीच पुढं गिरणगाव रस्त्यावर उतरलं. १९५५-५६ साली गोळ्या चालल्या. शंभराहून अधिक माणसं गेली, आणि त्यांत कामगार होते. १ मे १९६० ला राज्य मिळालं. १९६४ साली राजभाषेचा कायदा होऊन कारभाराची भाषा मराठी ठरली. ग्रामपंचायतीचा कायदा त्याआधीचा, १९५८ चा. तो आजही चालू आहे, त्यात दुरुस्त्या मात्र पुष्कळ झाल्या.

आता दोन तारखा शेजारी ठेवून बघा. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. त्याच वर्षी १ ऑगस्टला औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपण ज्याला एमआयडीसी म्हणतो ते, स्थापन झालं. तीन महिन्यांच्या अंतरानं एकाच राज्याच्या घरी दोन पाळणे हलले. गावानं आपला कारभार आपण करावा म्हणून पहिलं मूल. गावच्या जमिनी घेऊन कारखाने उभारावेत म्हणून दुसरं. आमच्या भागात दुसरं मूल चांगलंच वाढलं. पहिलं वाढावं म्हणून कुणी फारसं दूध पाजलं नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आम्ही कारखान्याच्या विरुद्ध नाही. गिरणी कामगारापुढं कारखान्याच्या विरुद्ध बोलणारा शहाणा नव्हे. परंतु कारखाना येतो आणि जातोही, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. आपल्या तळेगावच्या वसाहतीत जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं. पुढं तो ह्युंदाईनं घेतला. २०२२ साली वेदान्त-फॉक्सकॉनचा मोठा प्रकल्प तळेगावला येणार म्हणून चर्चा होती, तो गुजरातेत जाहीर झाला. त्यावर इकडं केवढी भाषणं झाली! दुसऱ्या वर्षी, २०२३ च्या जुलैत, फॉक्सकॉननं त्यातून अंग काढून घेतलं. यंत्रं हलतात, मालक बदलतात. एकदा दिलेली जमीन तेवढी परत येत नाही.

म्हणून नोटीस नीट समजून घ्या. एमआयडीसीचा कायदा १९६१ चा. त्याच्या ३२ व्या कलमात जमीन घेण्याची वाट आखून दिली आहे. पोटकलम दोनखाली मालकाला नोटीस येते: तुमची जमीन का घेऊ नये, ते सांगा. हरकत घ्यायची ती इथंच, लेखी घ्यायची नि पोच घेऊन ठेवायची. सुनावणी मागायची आणि तिला हजर राहायचं. त्यानंतर पोटकलम एकखाली राजपत्रात प्रसिद्धी झाली, की जमीन सरकारची झाली. मग मोबदल्याचं बोलणं उरतं. मोबदला ३३ व्या कलमाप्रमाणं करारानंही ठरवता येतो. करारावर अंगठा नाहीतर सही करण्याआधी तो कागद घरी आणा, दोन दिवस ठेवा, वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. कागद मराठीत असतो. त्यासाठीच तर माणसं मेली. मराठीतला कागदसुद्धा न वाचता सही करायची असेल, तर तो इंग्रजीत होता तेव्हा काय बिघडलं होतं?

आता खरी अडचण सांगतो. नोटीस कुणाच्या नावानं निघते? सात-बारावर ज्याचं नाव त्याच्या. आणि सात-बारावर कुणाचं नाव असतं? आज्याचं! आजा वारून कितीतरी वर्षं झाली, बाप मुंबईत वारला, आणि नातू सुताच्या खात्यात की साच्याच्या खात्यात, याचीसुद्धा गावात कुणाला आठवण नाही. भावकीतला एक गावी राहिला, त्याचंच नाव चढलं, तुमचं राहिलं. त्यात त्याची लबाडी असेलच असं नव्हे. तुम्ही अर्जच दिला नाही. तेव्हा वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्या. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात, ते दिवस मोजा. बहिणींची नावं गाळू नका. हे आम्ही मुद्दाम म्हणतो, कारण गाळायची इच्छा पुष्कळांना होते.

इथं एक खुलासा केला पाहिजे. तलाठी हा पंचायतीचा माणूस नाही, तो महसूल खात्याचा. ग्रामसेवक पंचायतीचा कारभार बघतो. लोक तलाठ्याचं गाऱ्हाणं पंचायतीत आणतात नि ग्रामसेवकाचं तहसीलदाराकडे नेतात, नि दोन्हीकडून हात हलवत परत येतात. त्यात २०२४ साली सरकारनं दोघांची नावं बदलली. तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी केलं नि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. नाव वाढलं. कामाचं काय ते तुम्हीच तपासा.

पैशाकडे येऊ. पंचायतीचा पैसा येतो कुठून? घरपट्टी आणि पाणीपट्टी ही आपली. घरपट्टी आता इमारतीच्या भांडवली मूल्यावर बसते. तुमच्या घराची आकारणी नमुना आठच्या नोंदवहीत असते. तिचा उतारा मागून घ्या नि पडवी-गोठ्यासकट मापं बरोबर आहेत का ते बघा. पंचायतीच्या सभासदानं स्वतःची पट्टी मुदतीत भरली नाही तर त्याचं सभासदत्व जाऊ शकतं, हेही ध्यानात असू द्या. आमची पावती मागायचा तुम्हांला हक्क आहे. मागा.

आणि कारखान्याची पट्टी? पंचायतीच्या कायद्यातलं १२५ वं कलम असं, की कारखाना निरनिराळ्या करांच्या ऐवजी एक ठोक रक्कम पंचायतीला देण्याचा करार करू शकतो, आणि त्याला सरकारची मंजुरी लागते. हा आकडा कमी ठरला तर गावच्या गटारापासून शाळेच्या कौलापर्यंत सगळ्याला कात्री लागते. बोनसाच्या वाटाघाटीत एक टक्का वाढवण्यासाठी तुम्ही दारावर बसत होता. कोणत्याही पंचायतीत असा करार निघाला तर त्याच्या आकड्यावर तेवढंच डोकं चालवलं पाहिजे. चार पंचांनी खोलीत बसून ठरवायची ही गोष्ट नव्हे.

दिल्लीहून वित्त आयोगाचा निधी येतो. पंधराव्या आयोगाच्या वाटणीत आपल्या राज्यात शंभरातले ऐंशी ग्रामपंचायतीला, दहा पंचायत समितीला, दहा जिल्हा परिषदेला अशी विभागणी ठरली. त्यातही मोठा हिस्सा, साठ टक्के, पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिलेला. त्यातून सभामंडप नाही व्हायचा. लोक मंडप मागतात, आम्हांला नाही म्हणावं लागतं, मग आम्ही वाईट. होऊ दे. २०१९ साली घरोघरी नळाची योजना निघाली, तिचं माप दर माणशी दिवसाला पंचावन्न लिटर. कळशीनं मोजून बघा आपल्याला किती मिळतं, नि तो आकडा ग्रामसभेत सांगा. पाण्याचा विषय मावळात हलक्या हातानं घ्यायचा नसतो. ९ ऑगस्ट २०११ ला बऊर इथं द्रुतगती मार्गावर, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळानं पाणी नेण्याच्या विरोधात शेतकरी उभे राहिले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. तिघं गेले, त्यांत एक बाई होती. क्रांतिदिनाचा दिवस, आणि राज्य आपलंच.

वरच्या पायरीवर काय झालं तेही ऐका. पुणे जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चात संपली. मुंबई महापालिकेचीही त्याच महिन्यात. निवडणुका झाल्या नाहीत, प्रशासक बसले. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून बजावलं, आणि मुंबईची निवडणूक उजाडली २०२६ च्या जानेवारीत. एवढी वर्षं परळच्या माणसाला नगरसेवक नाही नि मावळच्या माणसाला जिल्हा परिषदेचा सभासद नाही. साहेब चांगलाही असेल, पण त्याला पाडायचं कसं? शिवाय वित्त आयोगाची अट अशी, की निधी रीतसर निवडून आलेल्या संस्थेलाच मिळायचा. सरपंचाचं बघा. २०१७ साली थेट जनतेतून निवड आली, २०२० साली ती गेली, २०२२ साली परत आली. पाच वर्षांत तीनदा फिरलेला कायदा गावाच्या सोयीसाठी फिरला, असं आम्ही तरी म्हणणार नाही.

या सगळ्या काळात सलग उभी राहिली ती ग्रामसभा. तिला प्रशासक नेमता येत नाही. वर्षाला किमान चार सभा झाल्याच पाहिजेत. सबळ कारणाशिवाय सरपंचानं त्या घेतल्या नाहीत तर त्याचं पद जाऊ शकतं. सभेआधी सात दिवस नोटीस हवी. मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी, तेवढी माणसं हजर पाहिजेत. आणि इथंच आपलं घोडं पेंड खातं. माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही. मग पाच-दहाजणांत ठराव होतात, आणि वर्षानं तुम्ही विचारता, हे कुणी ठरवलं? महिलांची वेगळी सभा आधी व्हायची असते. पंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तिथं नवऱ्यानं खुर्ची ओढून बसू नये, एवढी विनंती.

तुम्ही म्हणाल, ठरावानं काय होतं? कागदच तो. तर ऐका. २००५ साली बेळगावच्या महापालिकेनं महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला. कर्नाटक सरकारनं काय करावं? सबंध महापालिकाच बरखास्त केली! नुसत्या कागदासाठी कुणी एवढं करत नाही. त्या बांधवांचं घर अजून कुंपणापलीकडे आहे, आणि त्यांना ठराव करण्याची केवढी किंमत द्यावी लागते ते आपण पाहिलं. आपल्याला तो करायला कुणाची मनाई नाही. फक्त जाऊन बसायचं आहे.

ज्यांचं मतदार यादीतलं नाव मुंबईला आहे त्यांना इथल्या ग्रामसभेत मत नाही, हे स्वच्छ सांगून टाकतो. एका माणसाचं नाव दोन याद्यांत असू शकत नाही, आणि तसं कुणी सुचवलं तर ऐकू नका. पण जमिनीची हरकत मालक म्हणून तुम्हांला कुठूनही येऊन देता येते. आणि गावी राहणारी तुमची आई, भावजय, पुतण्या, ही मतदार आहेत. त्यांना पाठवा. काय विचारायचं ते आधी कागदावर लिहून द्या.

येत्या १ मेची ग्रामसभा झेंडावंदनानंतर आहे. मुंबईच्या मंडळींनी आदल्या दिवशीच लोणावळा गाठून लोकलनं तळेगावला उतरावं, म्हणजे सकाळी धावपळ नको. येताना सात-बाराचा ताजा उतारा, घरपट्टीची पावती, आणि घरात नोटीस आलेली असेल तर ती पाकिटासकट आणावी. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख लागते, ते फेकू नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सभेच्या आधी आम्ही चावडीपुढं बसून राहू.