आधी साखळी की आधी प्रश्न?



खाली मलकापूर-नांदुऱ्याकडे या दिवसांत रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. राजूर घाट चढून बुलढाण्यात आलं की वारा लागतो. ही व्याख्यानमाला वक्त्यांमुळे टिकली की वाऱ्यामुळे, हे मी संयोजकांना अजून विचारलेलं नाही.

आजचा विषय मला एका बापाने दिला. गेल्या जूनमध्ये ते मुलीला घेऊन घरी आले. मी एकतीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मुलगी बारावी झालेली, कला शाखा, गुण चांगले. हातात दोन माहितीपत्रकं. एक बीएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्याच्या पदवीचं. दुसरं बीएचं, त्यात 'मेजर' म्हणून तत्त्वज्ञान. वडिलांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "सर, समाजसेवा तं लोकं फुकट करतात, तिचे पैसे काहून भराचे? आन् तत्त्वज्ञान तं कीर्तनात आयकाले भेटते."

मी हसलो. पण ते गेल्यावर वाक्य डोक्यातून जाईना, कारण ते चुकीचं नव्हतं. आपल्या पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते गाडगेबाबा शाळेत गेले नव्हते. गावात शिरले की हातात खराटा. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. आणि कीर्तनात ते सांगायचे कमी, विचारायचे जास्त. समोरच्याला एक साधा प्रश्न, त्याच्या उत्तरावर दुसरा, आणि तिसऱ्याला तो गडी स्वतःच्याच बोलण्यात अडकलेला. अथेन्सच्या चौकात सॉक्रेटिस हेच करायचा. त्याला विषाचा प्याला मिळाला, बाबांना भाकरी मिळाली, एवढा आपला वऱ्हाड बरा. खराटा आणि प्रश्न एकाच माणसाच्या हातात होते. त्यांचे दोन वेगळे अभ्यासक्रम नंतर झाले, आणि आता अठरा वर्षांच्या पोरीला त्यांतला एक निवडा म्हणतात.

ती मुलगी मात्र बोलली ते महत्त्वाचं. "दोन्ही आवडतात, पण दोन्हींत फरक काय, ते कोणी सांगत नाही." तिला तेव्हा मी जे सांगितलं, ते आज जरा नीट सांगून पाहतो.

नोकरीला लागून मला तीन-चार वर्षं झाली होती. विद्यार्थ्यांना घेऊन पिंपळगाव सराईला, सैलानीबाबांच्या यात्रेला गेलो. होळीचे दिवस. नारळांची होळी, हिंदू-मुसलमान दोघांचीही गर्दी, आणि गर्दीच्या कडेला पालं टाकून राहिलेली कुटुंबं. घरातल्या कुणाचं तरी डोकं फिरलेलं, डॉक्टरांनी हात टेकलेले, किंवा डॉक्टरपर्यंत पोचलेच नाहीत, अशी ही माणसं तिथे महिनोन्महिने राहत. एका पालापाशी पंचविशीतला मुलगा झाडाला साखळीने बांधलेला. शेजारी आई.

आमच्याबरोबर समाजकार्याच्या कॉलेजातली एक मुलगी होती. ती त्या बाईजवळ जाऊन बसली आणि पहिलं काय विचारलं? "मावशी, तुम्ही कधी जेवल्या?" पंधरा मिनिटांत तिने गाव, जमीन, नवऱ्याचं व्यसन, मुलाच्या आजाराची सुरुवात, सगळं काढून घेतलं. शेवटी म्हणाली, जेवेपर्यंत तरी कडी काढू या, मी इथेच बसते. आईने कडी काढली. मुलगा जेवला. पळाला नाही.

माझा विद्यार्थी बाजूला उभा होता. परतताना एसटीत म्हणाला, "सर, हा मुलगा वेडा आहे हे ठरवलं कुणी? आणि आईला त्याला बांधायचा हक्क कुठून आला?" मी चिडलो. म्हटलं, तिने त्याला जेवू घातलं, तू निदान पाण्याचा तांब्या तरी द्यायचा होतास. पुढे बरीच वर्षं ही गोष्ट मी वर्गात त्या मुलीच्या बाजूने सांगत असे.

आता सांगत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि ९५ व्या कलमाने साखळी सरळ बंद केली, कुठल्याही रूपात आणि कुठल्याही प्रकारे. त्याच कायद्याचं चौथं कलम माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला हात घालतं. माणसाला दिलेली माहिती कळते का, परिणाम समजतात का, आपला निर्णय तो कुठल्याही मार्गाने सांगू शकतो का, हे पाहा आणि मग ठरवा. दुसऱ्याला त्याचा निर्णय चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला अक्कल नाही असं म्हणता येणार नाही. एसटीच्या बाकावरचा रिकामटेकडा वाटलेला प्रश्न संसदेत जाऊन कलम झाला. पण कलम झालं म्हणून सगळ्या कड्या आपोआप निघत नाहीत, त्यासाठी जवळ जाऊन बसणारी ती मुलगीच लागते. चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळला 'सेवासंकल्प'मध्ये रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आणून अंघोळ घालण्यापासून सुरुवात करतात. तिथे एकदा जाऊन या. माझ्या व्याख्यानापेक्षा ते बरं.

तर फरक असा. समाजकार्य शिकलेला माणूस समोरच्या एका माणसापाशी थांबायला शिकतो, पुढचा माणूस भेटेपर्यंत. तत्त्वज्ञान शिकलेला त्या एका माणसावरून मागे मागे जातो, जिथून ही सगळी माणसं अशी बांधली गेली त्या जागेपर्यंत. दोघांनाही एकमेकांचा राग येतो. याला वाटतं तो पळपुटा, त्याला वाटतं हा नुसता मलमपट्टीवाला.

हे भांडण आपल्या गावाने फार आधी पाहिलंय. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला स्वतःच्या मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर चिखलफेक सुरू झाली. तसली प्रकरणं नवी नव्हती. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्येच पुण्यात राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवेने यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जायचं तर जावं. अशाच एका बाईच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. आजचं समाजकार्याचं कुठलंही पुस्तक उघडा, याहून नेमकं उदाहरण सापडायचं नाही.

आणि इथे बुलढाण्यात, डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतल्या बापूजी हरी शिंद्यांची मुलगी ताराबाई. तिच्याकडे ना गृह, ना संस्था. तिने त्या एका खटल्यावरून प्रश्न उचलला. जे दोष बाईचे म्हणून मोजता, ते पुरुषात नाहीत का? नवरा मेल्यावर बाईने केस काढायचे, तर बायको मेल्यावर पुरुषाने दाढीमिशा काढून रानात का जाऊ नये? एक माप घ्या आणि दोघांना लावा. १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. टीका अशी झाली की जोतिरावांना 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेतून तिची बाजू घ्यावी लागली. ताराबाईचं दुसरं पुस्तक आलं नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये 'तुलना' पुन्हा छापेपर्यंत ती जवळजवळ विस्मरणात गेली होती. गृहामुळे बायका जगल्या, पुस्तकामुळे त्या वेळी कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. पण गृह बंद पडलं, पुस्तकातलं माप अजून चालू आहे. यांत थोर कोण, हा प्रश्न मला विचारू नका. जोतिराव ताराबाईच्या मदतीला धावले, हे मला पुरेसं आहे.

इतकं मागे जायचं नसेल तर आपल्याच तहसीलच्या आवारात चला. शेतकऱ्याने आत्महत्या केली की पंचनामा होतो, कागद जमतात, प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातं आणि शेरा बसतो, 'पात्र' किंवा 'अपात्र'. पात्र ठरलं तर वारसांना एक लाख रुपये. त्या बाईबरोबर सातबारा, बँकेचं थकबाकीचं पत्र, वारसांचे कागद घेऊन खेटे घालायला समाजकार्यवालाच हवा, माझ्यासारख्याला फॉर्म भरता येत नाही. पण त्या कागदावर 'आत्महत्येचे कारण' असतं ना? कर्ज होतं, नापिकी होती, मुलीचं लग्न होतं, दारूही होती. यांतलं 'कारण' कोणतं? दारू आधी आली की कर्ज आधी आलं? कारण म्हणजे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानात शतकानुशतकं चघळला जातोय आणि पोरं म्हणतात, सर, याचा उपयोग काय. एक लाख रुपयांचा आहे, बाबा.

आता व्यवहाराचं, कारण वडील त्यासाठीच आले होते. बीएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेचा बारावी पास चालतो, आणि आठवड्याचे काही दिवस क्षेत्रकार्यात जातात. पुढे एमएसडब्ल्यू केलं की समुपदेशक, बाल संरक्षण कक्ष, रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक, मोठ्या कारखान्यातला कल्याण अधिकारी, कंपन्यांचे सीएसआर प्रकल्प. यांतल्या बऱ्याच जागा अकरा महिन्यांच्या करारावरच्या, पगार लांबतो, हेही लिहून घ्या. तत्त्वज्ञानात नोकरी म्हणजे मास्तरकी, आणि मास्तरकीच्या जागा कशा भरतात ते इथे अनेकांना माहीत आहे. मात्र यूपीएससीला तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे, तो घेणारे कमी नाहीत. आणि एक गोष्ट माहितीपत्रकात ठळक छापलेली नसते. एमएसडब्ल्यूला कुठल्याही विषयाचा पदवीधर बहुधा घेतात. म्हणजे तीन वर्षं तत्त्वज्ञान करून मग समाजकार्याकडे वळता येतं. उलटा रस्ता बंद नाही, पण त्या वाटेने येणारी पोरं मी फार थोडी पाहिली. पहिल्या वाटेने साने गुरुजी गेले. ते अमळनेरला प्रताप शेठजींच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासाला आले होते. १९२४ मध्ये तिथल्याच शाळेत मास्तर झाले, वसतिगृहातल्या मुलांचं पाहू लागले, आणि १९४७ ला पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. मंदिरातून निघाले आणि मंदिराच्या दारात बसले, एवढाच प्रवास.

म्हणून मी मुलीला सांगितलं, आधी तत्त्वज्ञान घे, सुट्टीत पळसखेडला जात जा, मग एमएसडब्ल्यू कर. स्वतःच्या विषयाची भलामण केली, कबूल.

तिने ऐकलं नाही. वडिलांनी हिशोब मांडला होता. सोयाबीनला भाव नाही, धाकटा भाऊ दहावीत, आणि बीएसडब्ल्यूचं कॉलेज एसटीने जाऊन-येऊन करता येण्यासारखं. तिने तेच घेतलं, आणि बरोबर केलं. घरची चूल सांभाळून विषय निवडणाऱ्या पोरीला उपदेश करायचा नसतो.

या फेब्रुवारीत तिचा फोन आला. क्षेत्रकार्यात एका घरी जात होती. मुलगा आजारी, औषध नको म्हणतो. आई म्हणते, भाजीत मिसळून देते. समाजकार्याच्या मुलांना फेलिक्स बिस्टेक नावाच्या पाद्र्याची सात तत्त्वं पाठ असतात, १९५७ च्या पुस्तकातली. त्यांतलं एक आत्मनिर्णय, ज्याचं आयुष्य त्याने ठरवावं. ते तिला येत होतं. अडचण दुसरी होती.

"सर, अहवालात 'लाभार्थ्याची इच्छा' असा रकाना आहे. मुलाची लिहू, की आईची?"

मी म्हटलं, दोघांची लिही.

ती म्हणाली, "सर, रकाना एकच आहे."