सेवेला पदवी कशाला?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि विषय कॉलेजच्या पदवीचा! पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुमच्या घरात याच गोष्टीवरून वाद झाला होता ना? तोच सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझी धाकटी बारावी झाली आणि म्हणाली, "आई, मी समाजकार्याची पदवी घेणार, बी.एस.डब्ल्यू." तिच्या बाबांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या मनात नर्सिंग होते. मीही त्यांच्याच बाजूची. म्हटले, "अगं, सेवेला पदवी कशाला? आडल्या-नडल्याला आम्ही धावून जातो, ते काय पुस्तक वाचून?"

त्याच उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या पाड्यावरची एक बाई आजारी मूल घेऊन दारात आली. नवरा वीटभट्टीवर, रेशनकार्ड त्याच्याजवळ. मी तिला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेले. दोन दिवस आम्ही या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरलो. ती बिचारी बोलेना, आणि मी नको तिथे जास्त बोलले. तिसऱ्या दिवशी तिथली समाजसेवेचे काम पाहणारी मुलगी भेटली. असेल पंचवीस-सव्वीस वर्षांची. तिने आधी बाईला बसवले, पाणी दिले, मुलाचे नाव विचारले. मग एक फोन नवऱ्याच्या मुकादमाला, एक गावच्या अंगणवाडीताईंना आणि डॉक्टरांना एक चिठ्ठी. तासाभरात सगळे मार्गी लागले. निघताना पुन्हा कधी यायचे ते तिने कागदावर लिहून दिले, आणि बाईला वाचता येत नाही हे ओळखून बाजाराचा वार धरून समजावले.

भगिनींनो, माया माझ्याजवळही होती. पण कुठे जावे, कोणाला काय विचारावे, हे मला ठाऊक नव्हते. ते तिने शिकून घेतले होते. घरी येऊन मी मुलीला म्हटले, "आता नीट सांग, काय असते ते."

तिने आणि तिच्या शिक्षकांनी जे सांगितले ते तुम्हालाही उपयोगी पडेल. बारावीनंतर बी.एस.डब्ल्यू. तीन वर्षांचे. त्यापुढे एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांचे. कोणत्याही शाखेची पदवी असली तरी एम.एस.डब्ल्यू.ला जाता येते. म्हणजे ज्या मुलीला घर सोडता येत नाही, तिने इथेच जवळच्या कॉलेजात बी.ए. करावे आणि मग ठरवावे. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने हे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था निघाली. तीच आज देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था. तुळजापूरलाही तिची शाखा आहे. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ चे, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ ची. नाशिकलाही समाजकार्याचे महाविद्यालय आहे, ते आपल्याला जवळचे.

आपल्याच भागात हे काम किती मोठे आहे पाहा. १९९२ साली वावर-वांगणीला कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा मी लहान होते. पण घराघरांतली ती कुजबुज आठवते. दिवाळी झाली की आजही पाडे ओस पडतात. आणि शेजारी डहाणूकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काय केले? १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम उभे केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येईनात, तर शाळाच अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. त्यांच्याजवळ समाजकार्याची पदवी नव्हती, हे कोणी म्हणेल. खरे आहे. पण दोघीही बालशिक्षणाचे शास्त्र शिकलेल्या होत्या, आणि शिकलेले इथल्या मातीला जुळवून घेत होत्या. नुसत्या कळकळीवर त्यांनी भागवले नाही.

आता पोटापाण्याचे. दवाखाने, बालगृहे, स्वयंसेवी संस्था, कारखाने अशा ठिकाणी या शिक्षणाला जागा आहे. पण खोटी आशा लावत नाही. संस्थेचे काम पुष्कळदा दोन-तीन वर्षांच्या कराराचे असते, पगार बेताचा असतो. दवाखान्यातल्या अशा जागांना बहुधा एम.एस.डब्ल्यू. मागतात. तेव्हा पाच वर्षांची तयारी धरूनच निघावे.

कॉलेज निवडताना चार गोष्टी विचाराव्यात. विद्यापीठाची मान्यता आहे का? आठवड्यातून किती दिवस प्रत्यक्ष वस्तीत काम देतात, आणि बरोबर मार्गदर्शक असतो का? वसतिगृह कुठे, खर्च किती? मागच्या वर्षीच्या मुली आज कुठे कामाला आहेत? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर धड मिळाले नाही तर तिथून उठावे. पोहणे काठावर बसून येत नाही.

आदिवासी मुलींसाठी शिष्यवृत्ती आहे, शासकीय वसतिगृहे आहेत, आणि वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयम् योजना आहे. चौकशी जव्हारच्या प्रकल्प कार्यालयात करावी. जातवैधतेचा दाखला बारावीच्या आधीच मागे लागून काढावा. तो हाती नसल्याने ऐन वेळी धावपळ होते.

माझी मुलगी आता नाशिकला पहिल्या वर्षाला आहे. पहिल्यांदा वस्तीत गेली, तेव्हा रात्री फोनवर रडली. म्हणाली, "आई, त्या बाईला मला काहीच देता आले नाही." तिच्या बाबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी आधी तिचे ऐकून घे." कपाळाला हात लावणारे हेच ते!

मंडळाला माझी एवढीच विनंती आहे. हळदीकुंकवाच्या वर्गणीतून थोडे बाजूला काढून दरवर्षी एका तरी मुलीच्या फॉर्मचे आणि एस.टी.च्या भाड्याचे पैसे आपण द्यावेत. कचेरीत बरोबर कोणी हवे असेल तर मी येईन. खिडक्यांवर कसे उभे राहायचे, ते आता मी शिकले आहे.