उष्ण काय, शीत काय



चिनी वैद्यकावर बोलण्यासाठी आम्हाला बोलावणे आले, तेव्हा पहिले नवल आम्हालाच वाटले. आम्ही वैद्य नाही. चिनी भाषेचे एक अक्षर आम्हाला येत नाही. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, युनियनच्या कामातून उरलेल्या वेळात. पण या विषयाकडे आम्ही वळलो ते एका भट्टीमुळे. म्हणून आधी ती हकीगत सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी एका ओतशाळेत, वैशाखातल्या दुपारी, भट्टीपुढे उभा असलेला आमचा एक सभासद चक्कर येऊन पडला. तो शुद्धीवर आल्यावर मालकाच्या डॉक्टरांनी विचारले, काल काय खाल्लेस? त्याने सुकट आणि मिरचीचा ठेचा सांगितला. झाले! कागदावर शेरा पडला, उष्ण पदार्थ खाण्यात आल्याने अंगात उष्णता झाली. समोर लोखंडाचा रस वाहत होता. उष्णता मात्र सापडली गरिबाच्या ताटात! चार दिवसांचा पगारही गेला. १९४८ च्या कारखाने कायद्यात उन्हाळ्यात गार पाण्याची सोय सांगितली होती, पण ती अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे. आमचे होते साठ. तेव्हापासून 'उष्ण' आणि 'थंड' हे दोन शब्द आमच्या मनात रुतून बसले, आणि त्यांचा माग काढीत आम्ही चीनपर्यंत गेलो, अर्थात पुस्तकांतून.

चिनी वैद्यक पदार्थाचे चार स्वभाव मानते : शीत, थंडसर, ऊबदार आणि उष्ण. यांच्या मधोमध 'सम'. हाताला लागणाऱ्या ऊन-गारपणाशी याचा संबंध नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. हिरवा चहा कढत प्यालात तरी गुणाने थंडसरच. ओले आले ऊबदार. तेच वाळवून सुंठ केली की उष्ण. शेन-नुंग या पुराणपुरुषाच्या नावावर चालत आलेल्या प्राचीन औषधिग्रंथात ३६५ द्रव्ये आहेत, आणि गारठ्याच्या विकाराला उष्ण औषध, उष्णतेच्या विकाराला शीत औषध, हा नियमही तेथेच आहे. सातव्या शतकातील सुन सि-म्याओ यांचे सांगणे असे की, वैद्याने प्रथम आहाराने उपचार करावा. आहार हरला तरच औषधाला हात लावावा. ली शि-चन यांनी १५७८ साली पुरा केलेल्या ग्रंथात १८९२ द्रव्ये आहेत. तो छापून निघाला १५९६ साली. ग्रंथकर्ता १५९३ मध्येच वारला होता. राबणाऱ्याच्या हाती तयार माल पडू नये, ही रीत तिथेही दिसते.

पण हे शास्त्र खरे जगते ते स्वयंपाकघरात. शरद ऋतूत खेकडे खायचे, तर खेकडा शीत. म्हणून सोबत आले घातलेला शिरका आणि ऊन केलेले तांदळाचे मद्य. हिवाळ्यात बोकडाचे मटण, उन्हाळ्यात कलिंगड आणि मुगाचे कढण. भात सम, म्हणून तो रोज चालतो. कँटनकडे तळलेले फार झाले, घसा धरला, तोंडावर पुटकुळ्या आल्या, की 'अंगात उष्ण वायू झाला' म्हणतात आणि कडू वनस्पतींचा काढा पितात. त्याचे नाव 'थंड चहा', आणि तो बहुधा ऊनच असतो! बाळंतिणीला महिनाभर गारव्यापासून जपतात आणि आले घालून गोड शिरक्यात शिजवलेले डुकराचे पाय देतात. येथील भगिनींना डिंकाचा लाडू आठवला असेल. मात्र सारे जुळतेच असे नाही. आपण संक्रांतीला उष्ण म्हणून खातो तो तीळ; त्यांचे ग्रंथ काळ्या तिळाला सम मानतात.

मग यात तथ्य किती? ई. एन. अँडरसन नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने हाँगकाँगच्या कोळ्यांत राहून अभ्यास केला. त्याचे निरीक्षण असे की, 'उष्ण' म्हणतात ते पदार्थ बहुधा अंगाला बळ देणारे, स्निग्ध, मांसाचे किंवा तळलेले. 'थंड' ते पाणीदार, हिरवे, हलके. म्हणजे अशक्त माणसाला 'ऊबदार खा' सांगणे म्हणजे पोटभर पौष्टिक खा असे सांगणे. आम्हाला हे पटते. मात्र ते मटण आणायचे कोणत्या पगारातून, हे ग्रंथ सांगत नाहीत. आणि घामावाटे गेलेले पाणी व मीठ नुसत्या थंड गुणाच्या पदार्थाने भरून येत नाही. शांघायच्या कारखान्यांत कढणाबरोबर खारा सोडाही कामगारांना देत आले आहेत, हे शहाणपणाचे.

त्याहून मोठी गोष्ट २०१२ च्या चिनी नियमावलीत आहे. त्या दिवशी तापमान ४० अंशांवर जाणार असेल तर उघड्यावरचे काम बंद. ३५ अंशांवर उघड्यावर राबणाऱ्याला उष्णतेचा वेगळा भत्ता. शिवाय उष्णतेवरचे पेय मालकाने द्यायचे; त्याऐवजी पैसे देऊन मोकळे व्हायचे नाही, आणि पेय दिले म्हणून भत्ताही कापायचा नाही. नियम झाला म्हणजे तो सगळीकडे पाळला गेला, असे मानण्याइतके भोळे आम्ही राहिलो नाही. पण सुकट कोणी खाल्ली हे तिथे विचारलेले नाही. उष्णता हवेची मोजायची, ताटाची नव्हे.

ते कलम मराठीत उतरवून आम्ही आमच्या मागणीपत्राला जोडले. मालकांनी दोन वर्षांनी लिंबू, मीठ, साखरेचे पाणी सुरू केले. भत्त्याची बोलणी चालू आहेत. तो सभासद आज इथे मागच्या रांगेत बसला आहे. ठेचा त्याने सोडलेला नाही.