तक्रारपेटीची किल्ली
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहे. मी मात्र आपली क्षमा मागून एका अप्रिय विषयाकडे वळतो. मी कापडाचा व्यापारी. बी.कॉम. होऊन वडिलांच्या गादीवर बसलो आणि डहाणू-तलासरीच्या कित्येक शाळांना गणवेशाचे कापड पुरविले. त्या निमित्ताने जे पाहिले, त्यातील एकच गोष्ट आज सांगावयाची आहे.

साधारण बारा वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, ब्लँकेटे वाटण्यासाठी आम्ही एका निवासी शाळेत गेलो होतो. नाव सांगत नाही. शाल-श्रीफळ झाले, छायाचित्रे निघाली. हात धुण्यासाठी मागच्या अंगणात गेलो, तो मुलींच्या न्हाणीघराला दार होते, पण आतून कडी नव्हती. जवळ दहा-अकरा वर्षांची एक वारली मुलगी उभी होती. तिने सांगितले की आम्ही दोघी-दोघी जातो, एक दार धरून उभी राहते. रात्री काय करता, असे विचारले, तेव्हा ती खाली पाहू लागली. व्हरांड्यात तक्रारपेटी होती. तिची किल्ली मुख्याध्यापकांच्या जुडग्यात होती.

मी संबंधित कार्यालयाला पत्र लिहिले. दोन महिन्यांनी उत्तर आले, "तक्रारीत तथ्य आढळून आले नाही." माहितीच्या अधिकारात कागद मागविले, तेव्हा कळले की माझे पत्र चौकशीसाठी त्याच मुख्याध्यापकांकडे गेले होते आणि त्यांचाच अहवाल मला उत्तर म्हणून आला होता. हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एक असू नये, हे आम्हाला महाविद्यालयात शिकविले होते. कापडाच्या गाठीला जो नियम, तो मुलांना नाही!

आता माझा दोष सांगतो. जून जवळ आला, त्या शाळेची गणवेशाची मागणी आली, आणि ते उत्तर मी फायलीत लावून टाकले. कडी बसली की नाही, हे पाहण्यास मी पुन्हा गेलो नाही.

पुढे कायदे चाळले. ते कमी नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ३२ आहे. मुलाच्या हक्काविषयी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यावी आणि त्याने ती तीन महिन्यांत निकालात काढावी, असे त्यात म्हटले आहे. आपल्या खेड्यांत हे प्राधिकरण म्हणजे बहुधा जिल्हा परिषद, आणि शाळाही तिचीच. अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. हा आयोग २००७ साली स्थापन झाला. तो साक्षीदारांना बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, न्यायालयात जाऊ शकतो. शिक्षा मात्र देऊ शकत नाही, शिफारस करतो. एक अध्यक्ष, सहा सदस्य आणि छत्तीस जिल्हे! बालकल्याण समितीविरुद्ध तक्रार असेल, तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्यांच्या मेजावर दुष्काळापासून निवडणुकीपर्यंत सारे असते, त्यात मुलाचा अर्ज किती वर राहील, याचा विचार आपणच करावा.

कवडासचे प्रकरण काहींना आठवत असेल. शहापूर तालुक्यातील या गावी मतिमंद मुलांचे गृह होते आणि २०१० साली तेथील मुलांच्या मृत्यूंची बातमी आली. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तेव्हा शहापूर आणि आपण एकाच ठाणे जिल्ह्यात होतो. मुंबई उच्च न्यायालयाने वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घेतली. न्यायालय जागे झाले, हे आपले भाग्य. पण तोवर मुले गेली होती.

बदलापूर तर अगदी अलीकडचे. सखी सावित्री समित्यांचा शासन निर्णय मार्च २०२२ चा, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील शाळेतल्या दोन चिमुकल्यांच्या पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात ताटकळावे लागले. लोक रेल्वेमार्गावर उतरले, तेव्हा समित्यांविषयीचा आदेश शासनाला पुन्हा काढावा लागला. वास्तविक २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा अत्याचार कळूनही न कळविणे हा गुन्हा आहे. तो संस्थाचालकांनाही लागू आहे, म्हणजे आपणांसही.

आपल्याच तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ मध्ये आल्या. मुले शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी शाळा पाड्यावरील मुलांच्या अंगणात नेली. शिकविणारी बाई आईच्या डोळ्यांदेखत शिकवीत असे. निवासी शाळेतील मुलाची आई तलासरीच्या पलीकडे कोठेतरी वीटभट्टीवर असते. ती मुलाला दिवाळीला आणि उन्हाळ्यात पाहते. मधल्या महिन्यांत पाहणारे कोण? आपल्यासारखे दाते जातात, पण आधी कळवून जातात. मग अंगण सारवलेले असते, मुले रांगेत उभी असतात.

काल सायंकाळी मी आपल्या छात्रालयात गेलो होतो. कड्या आहेत, दिवेही आहेत. तक्रारपेटी आहे, आणि तिची किल्ली गृहपतींकडे आहे. गृहपती सज्जन आहेत, मी त्यांना वीस वर्षे ओळखतो. पण ज्या मुलाला त्यांच्याविषयीच काही लिहावयाचे असेल, त्याने ते कोठे टाकावे?

म्हणून विश्वस्त मंडळापुढे ठराव मांडतो. किल्ली दोन भगिनींकडे द्यावी. त्यांपैकी एक पालक असावी, आणि दोघीही कोणा विश्वस्ताच्या किंवा कर्मचाऱ्याच्या नात्यातील नसाव्यात. पेटी दर शनिवारी मुलांसमक्ष उघडावी, चिठ्ठ्यांची नोंद वहीत व्हावी आणि ती वही दर सभेत वाचली जावी. १०९८ हा क्रमांक जेवणघरात मोठ्या अक्षरांत लिहावा. छात्रालयास भेट देणाऱ्या विश्वस्ताने आधी कळवू नये. मी स्वतः येत्या सोमवारी त्या जुन्या शाळेत न कळविता जाणार आहे. बारा वर्षे उशीर झाला आहे, हे मला ठाऊक आहे.

ठरावास अनुमोदन कोण देतो, ते कृपया सांगावे.