कोऱ्या जागेचा अर्थ 'नाही' असा होत नाही

कानात इअरफोन आणि समोर फार्माकॉलॉजीचं पुस्तक, अशा अवस्थेत ऐकत असाल तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे.

सुरुवात माझ्याच एका रात्रीपासून. नर्सिंगचं दुसरं वर्ष, मेडिकल वॉर्ड, नाईट ड्युटी. एका काकांना अ‍ॅम्पिसिलिनचं इंजेक्शन द्यायचं होतं. केसपेपरवर अ‍ॅलर्जीची जागा कोरी होती. मी ती 'अ‍ॅलर्जी नाही' अशी वाचली. सिरिंज भरून कॉटजवळ गेले, तर मावशी म्हणाल्या, "सिस्टर, मागं एका इंजेक्शननं ह्यांच्या अंगभर गांध्या उठल्या होत्या. दम लागला होता." पिशवीतून त्यांनी जुना कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, पेनिसिलिन.

अ‍ॅम्पिसिलिन त्याच घराण्यातलं! मी थांबले, सीनिअर सिस्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी औषध बदललं. काका सुखरूप राहिले. पण विचारायचं काम माझं होतं, आणि ते केलं मावशींनी.

आता थोडं पुस्तकातलं. पेनिसिलिन घराणं बॅक्टेरियाची पेशीभित्तिका बनू देत नाही. आपल्या पेशींना ही भिंत नसते, म्हणून त्या वाचतात. व्हायरसलाही ती नसते. तो आपल्याच पेशीत शिरून आपलीच यंत्रणा वापरतो. म्हणून साध्या सर्दीत अँटिबायोटिक काहीच करत नाही.

अँटिव्हायरलचा मार्ग वेगळा. असायक्लोव्हिर घ्या. नागिणीच्या व्हायरसचंच एन्झाइम त्याला जागं करतं आणि मग ते त्या व्हायरसचा डीएनए वाढू देत नाही. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत दिलं तर जास्त फायदा होतो.

आता वॉर्डातलं, हे लिहूनच घ्या.

एक, कल्चर सांगितलं असेल तर नमुना आधी, पहिला डोस नंतर. पण सेप्सिसचा पेशंट असेल तर नमुन्यासाठी डोस अडवून ठेवायचा नाही.

दोन, व्हँकोमायसिन घाईत सोडू नका. किमान 60 मिनिटं. भरभर गेलं तर चेहरा, मान लाल होते, बीपी खाली येऊ शकतं.

तीन, आयव्ही असायक्लोव्हिरही एक तासभर. शरीरात पाणी कमी असेल तर त्याचे स्फटिक किडनीत अडकतात. म्हणून लघवीचं प्रमाण बघत राहा.

चार, सेफट्रायॅक्सोन आरएलमध्ये मिसळायचं नाही. आरएलमध्ये कॅल्शियम असतं, साका तयार होतो.

आणि डिस्चार्जच्या वेळी? गोळ्यांच्या पाकिटावरची लाल रेघ पेशंटला बोटानं दाखवा. 'ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही. उरलेली शेजाऱ्याला द्यायची नाही.' कमी डोसमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हा इशारा खुद्द अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानात दिला होता.

औषध डॉक्टर लिहितात. पण पेशंटच्या शिरेत ते जायच्या आधी थांबू शकणारा शेवटचा हात आपला असतो. म्हणून कागद कोरा असला तरी विचारा, "आधी कुठल्या औषधाचा त्रास झालाय का?" आणि बरोबरच्या नातेवाइकांनाही विचारा. दहा सेकंद लागतात.

पुढच्या भागात भेटू. ड्युटीवर असाल तर आधी पाणी प्या!