डोंगरांतील पाऊस आणि अंगावरील रेनकोट

आषाढ लागला, कीं शहरांतील तरुण मंडळी सह्याद्रींतील गडकिल्ल्यांची वाट धरतात आणि दुकानांतून रेनकोटांची चौकशी सुरू होते. दुकानदार दोन गुण सांगतो: पाणी आंत येत नाहीं आणि घाम मात्र बाहेर जातो. पहिला गुण सर्वत्र सारखाच उपयोगी. दुसरा हवेवर अवलंबून आहे, हें तो क्वचितच सांगतो.

निव्वळ पाणी अडविणें फारसें कठीण नाहीं. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशनें १८२३ सालींच दोन कापडांच्या मध्यें रबराचा थर बसवून तें साधलें होतें. अडचण आहे ती आंतल्या पाण्याची. चढ चढणाऱ्याच्या अंगांतून तासाला अर्धा-एक लिटर घाम निघूं शकतो; रबरी अंगरख्यांत तो कोंडतो आणि पावसाचा थेंबहि न लागतां माणूस चिंब होतो. १९६९ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट गोर यानें टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यानें ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार केला. त्यांतून थेंब शिरत नाहीं, वाफ मात्र जाते. 'गोअर-टेक्स' तें हेंच.

परंतु ही वाफ आंतबाहेरच्या बाष्पदाबांत जितकें अंतर असेल, तितकीच वाहते. घामेजलेल्या त्वचेपाशीं, ३५ अंश सेल्सिअसला, हा दाब पाऱ्याच्या सुमारें ४२ मिलिमीटर असतो. हिमालयांतील ५ अंशांच्या, निम्म्या आर्द्रतेच्या हवेंत तो जेमतेम ३. तेथें महागड्या जाकिटाच्या किमतीचें सार्थक होतें. तेंच जाकीट श्रावणांत लोहगडावर घालावें, तर २४ अंशांच्या धुकट हवेचाच दाब २२ च्या वर; अंतर निम्म्यावर येतें. त्यांत बाहेरच्या कापडावरील पाणी झटकणारा लेप झिजला असेल, तर कापड भिजून त्यावर पाण्याचा थर बसतो आणि वाफेची वाट बहुतेक बंदच होते. (जाकीट धुऊन मंद उष्णतेवर वाळविल्यास हा लेप पुष्कळदां पुन्हां कामाला लागतो, लोक मात्र नवें जाकीट घेतात.)

कोंकणांतील शेतकऱ्याचें इरलें या बाबतींत शहाणें आहे. पाठीवरून पाऊस निथळतो, पुढची व खालची बाजू मोकळी, आंत वारा खेळतो. सह्याद्रीसाठीं रेनकोट घेणाऱ्यानें हीच गोष्ट पाहावी: तो ऐसपैस असावा आणि काखेखालीं उघडतां येणारी चेन असावी. रानांतल्या बिनवाऱ्याच्या वाटेवर साधी छत्रीहि त्याहून बरी. माथ्यावरील वाऱ्यांत मात्र छत्री उलटी होते; तेथें डोक्याला घट्ट बसणारी टोपी असलेलें जाकीटच हवें.

खरा धोका भिजण्याचा नसून गारठण्याचा आहे. चढतांना अंग तापलेलें असतें. माथ्यावर बसतांच ओला सुती सदरा आणि वारा मिळून ऊब झपाट्यानें काढून घेतात. म्हणून अंगाशीं सुती कपडा नको. लोकरी किंवा लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा असावा. हिमालयांत बर्फाहूनहि शून्याच्या किंचित् वरचा पाऊस अधिक घातक ठरतो, कारण बर्फ झटकतां येतें, पाऊस मुरतो. सोबत्याची थरथर थांबेना, जीभ जड झाली, पाय अडखळूं लागले, तर पुढचा टप्पा सोडून त्याला आडोशाला न्यावें, ओले कपडे उतरवावे आणि प्लॅस्टिकच्या पिशवींत गुंडाळून आणलेला कोरडा लोकरी स्वेटर चढवावा. हा स्वेटर वाटेंत थंडी वाजली म्हणून आधीं कोणीं वापरावयाचा नसतो.