काकरापारचा कालवा : तापीच्या पाण्याचा इतिहास



पांडेसरा येथील औद्योगिक वसाहतीत कापडाची रंगाई व छपाई करणाऱ्या कारखान्यांतून हजारो मराठी हात राबत आहेत. त्यांपैकी फार मोठा भाग खानदेशातून आलेला आहे. खानदेशाच्या शिवारातून वाहणारी तापीच पुढे सुरतेस पोहोचते. तिचे पाणी दक्षिण गुजरातच्या शेतांत नेणाऱ्या काकरापार कालव्याचा इतिहास म्हणूनच येथील मराठी माणसाला परका नाही.

इंग्लंडमध्ये कालवा खोदला गेला तो प्रामुख्याने नौकांसाठी. १७६१ साली वर्स्लीच्या खाणींतील कोळसा ब्रिजवॉटर कालव्याने मँचेस्टरला जाऊ लागला आणि तेथील कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. कापडाच्या त्या नगरीच्या उत्कर्षास या कालव्याने हातभार लावला. आपल्याकडील कालव्याचे प्रयोजन निराळे. तो माल वाहून नेत नाही, शेतातील पीक उभे करतो.

सुरत जिल्हा मुंबई राज्यात होता, त्या काळी १९४९ साली काकरापार योजना हाती घेण्यात आली. मांडवी तालुक्यात तापीवर सुमारे ६२१ मीटर लांबीचा व १४ मीटर उंचीचा बंधारा पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात पूर्ण झाला. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी ओलपाडकडे, तर डाव्या कालव्याचे पाणी बारडोली व नवसारीकडे गेले. तथापि, हा केवळ पाणी वळविणारा बंधारा होता. पावसाळा सरला व नदी आटली की कालव्याचा ओघही क्षीण होई. १९७२ साली वरच्या बाजूस उकाई धरण पूर्ण झाले आणि साठविलेले पाणी बारमाही मिळू लागले. भात आणि ऊस बहरले, सहकारी साखर कारखान्यांना बळ आले.

या समृद्धीचे मोल इतरांनी दिले आहे, याचे विस्मरण होता कामा नये. उकाईच्या जलाशयासाठी गुजरातमधील अनेक आदिवासी गावांसह आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यातील जमिनीही पाण्याखाली गेल्या. ज्यांची शेती बुडाली, त्यांच्या वाट्याला कालव्याचे पाणी आले नाही.

मिळालेल्या पाण्याचाही सर्वत्र विवेकाने वापर झाला नाही. कालव्याच्या मुखाशी असलेल्या शेतात गरजेहून अधिक पाणी मुरले, तर अखेरच्या चारीवरील शेतकरी आपल्या पाळीची वाट पाहत राहिला. कोठे जमीन पाणथळ झाली, कोठे क्षारयुक्त. धुळे जिल्ह्यातील पांझरेच्या काठी फड पद्धत शतकानुशतके चालत आली. तेथे पाटकऱ्याने ठरलेल्या क्रमाने पाणी द्यावे आणि गावाने तो क्रम पाळावा, अशी रीत होती. छोट्या पाटावर जी शिस्त गावकऱ्यांनी स्वतः निर्माण केली, ती शेकडो किलोमीटरच्या कालव्यांवर केवळ शासकीय आदेशाने येत नाही. त्यासाठी लाभधारकांचे सहकार्य अपरिहार्य ठरते.

शेतीचा हा धडा उद्योगालाही लागू आहे. कापड रंगविण्यास, धुण्यास विपुल पाणी लागते, आणि शेत, शहर व कारखाना या तिघांची भिस्त एकाच नदीवर आहे. या दृष्टीने सुरत महानगरपालिकेने २०१४ साली टाकलेले पाऊल उल्लेखनीय आहे. बमरोली येथे शहराच्या सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून दररोज ४ कोटी लिटर पाणी पांडेसराच्या कारखान्यांना पुरविण्याच्या क्षमतेचे केंद्र तेव्हा सुरू झाले. कारखान्याने असे पाणी वापरले, म्हणजे तितके ताजे पाणी इतरांसाठी शिल्लक राहते.

बंधाऱ्याने पाणी वळविले, धरणाने साठविले. ते पुन्हा वापरात आणणे, हा याच इतिहासाचा पुढील टप्पा होय. कारखान्यात गळणारी नळी वेळीच दुरुस्त करणारा कामगार आणि आपली पाळी संपताच चारीचे दार बंद करणारा शेतकरी, हे दोघेही एकाच नदीचे राखणदार आहेत. त्यांच्या दक्षतेवरच अखेरच्या शेताला पाणी मिळणे अवलंबून आहे.